बारा तारखेचा आठवडा

ज्या आठवड्यात महिन्याची बारा तारीख येते
तोच धरायचा, असा नियम आहे.
त्यात तासभर जरी कमाईचं काम केलं
तर माणूस कामावर.
केलं नाही, आणि चार आठवडे कुठं शोधलंही नाही,
तर तो बेकारसुद्धा नव्हे.
त्याला आमच्या तक्त्यात शब्द आहे:
श्रमशक्तीबाहेर.
चपला काढायला सांगून
कुणाला दारातच ठेवावं, तसा.

मेन राज्याच्या पूर्व टोकाला, कोल्बी नेकच्या रोजगार कार्यालयात
मी दर तिमाहीला अहवाल लिहिते.
सात पानं, दोन आलेख.
कुणी वाचत नाही. पण यंदा कॉलेजनं विचारलंय,
वर्ग वेल्डिंगचा काढू की नर्सिंगचा?
म्हणजे बावीस खुर्च्या कुठल्या खोलीत मांडायच्या
ते माझ्या रकान्यांवर.

मालकांनी भरलेल्या विम्याच्या नोंदी उघडते.
मासळी प्रक्रिया: आकड्याच्या जागी एक अक्षर.
उघड करता येत नाही, कारण कारखाना एकच,
आकडा दिला की मालकाचं गुपित फुटलं.
झाकली मूठ.
रस्ता ओलांडून गेलं तर कारखान्याच्या आवारात गाड्या मोजता येतात.
काल एकसष्ट होत्या. आज बावन्न.
पंपावरची ट्रुडी कॉफी ओतता ओतता म्हणाली,
"मंगळवारी नऊ जणांना घरी पाठवलं."
तिच्या आकड्याला तळटीप नाही,
म्हणून तो मला चालत नाही.

एल्डन फॉस ओहोटीला चिखलात वाकतो,
गळाला लावायची समुद्री गांडुळं खणतो, नगावर पैसे.
त्याला मालक नाही, म्हणून मालकांच्या यादीत तो नाही.
नोव्हेंबरात फरच्या फांद्यांची तोरणं वळायला
शंभर हात लागतात, नाताळपर्यंत.
राजधानीहून येणाऱ्या आलेखात तो उंचवटा सपाट झालेला असतो:
ऋतूचा परिणाम वजा करून.
इथं नोकरी देतो तो ऋतूच.
तो वजा केल्यावर
खाली काय उरतं, ते मी अजून कुणाला विचारलेलं नाही.

यंदा दर पाच पूर्णांक एकवरून चार पूर्णांक तीनवर आला.
साहेब म्हणाले, पहिल्याच ओळीत घ्या.
मी भागाकार पुन्हा मांडला.
वरचा आकडा घटलाय, खरं आहे.
खालचाही घटलाय.
माणसं कामाला लागलेली नाहीत,
रांगेतून उठून गेलीत.

उठून गेलेल्यांतला एक मला ठाऊक आहे.
गेल्या महिन्यात पाहणीचा फोन आमच्याच घरी आला.
घरातल्या एकानं सगळ्यांच्या वतीनं बोललं तरी चालतं.
बाईंचा आवाज चांगला होता, घाईचा नव्हता.
"तुमच्या भावानं त्या आठवड्यात काही काम केलं?"
नाही.
"गेल्या चार आठवड्यांत शोधलं?"
रॉइस गॅरेजमध्ये होता, रेडिओ लावून,
कुऱ्हाडीला धार करत.
नाही, मी म्हणाले. व्याख्या मला पाठ आहेत.
आमचं एक घर शेकडो घरांच्या वतीनं बोलतं,
तेव्हा माझ्या एका 'नाही'नं
किती भाऊ दाराबाहेर गेले
ते राज्याच्या गणिताला माहीत.

नर्सिंग, असं लिहिलं मी.
इस्पितळात खरंच माणसं नाहीत.
दराच्या वाक्याला शेपटी जोडली,
साहेब ती कापतील.

मग फाईल बंद करताना आठवलं.
शेजारच्या वर्ना बीलची लाकडं फोडून रॉइस घरी आला होता,
शर्ट पाठीला चिकटलेला,
हातात मजुरीचे बादलीभर शिंपले.
मोबदला वस्तूत असला तरी चालतो.
कॅलेंडर काढून बघितलं: गुरुवार, तेरा तारीख.

नियमाप्रमाणे माझा भाऊ
त्या आठवड्यात कामावर होता.

शिंपले मीच उकडले होते.
वाळू फार होती, तीन पाण्यांनी धुवावे लागले.