सैल वीण

अल्दारा शाळेत एका चॉकलेटला आपला अंगठा विकते.
म्हणजे खाली वाकवून मनगटाला टेकवून दाखवते.
उलट्या कोपराचे दोन.
गुडघे मागे झुकवून उभी राहिली की मुलं ओरडतात, बगळा!
मी कधी रागावले नाही.
म्हटलं, बरंय, आमच्या घरात कोणीतरी
काही न झिजवता कमावतंय.

मग फेब्रुवारीत, आंघोळीच्या टबात उभी असताना
ती खोकली
आणि तिच्या जांघेत चेस्टनटएवढं काहीतरी वर आलं.
आडवं केलं की नाहीसं.
मी तिला तीनदा खोकायला लावलं, तीनदा आलं.
चौथ्यांदा ती म्हणाली,
आई, ते दमलं असेल.

धक्क्यावर माझ्या शेजारच्या स्टुलावर दोसिंदा बसते,
चाळीस वर्षं सार्डिनची जाळी सांधतेय,
अंगठ्याच्या नखात कायमची हिरवी नायलॉनची रेघ.
तिने एप्रनच्या खिशातून जुना पेसेता काढला.
बेंबीवर ठेव, वर पट्टी बांध,
माझे तिन्ही पोरगे असेच बसले.
मी म्हटलं, बेंबी नाही गं, जांघ.
तिने दुसरा पेसेता काढला.

कोरुन्याच्या इस्पितळात डॉक्टर नोगेरोल
पोटाकडे वळायच्या आधी बोटांकडे वळल्या.
करंगळी मागे. अंगठा. कोपर. गुडघे.
आता वाक, तळवे जमिनीला.
नऊपैकी नऊ.
अल्दाराने माझ्याकडे पाहिलं,
आयुष्यात पहिल्यांदा पैकीच्या पैकी.

दोन्ही बाजूंना आहे, त्या म्हणाल्या.
अंग धरून ठेवणारा धागाच हिचा जरा मऊ.
सांधे असे सैल असले
की कधी कधी भिंतही वाट देते.
टाके घालू. पुढेही लक्ष ठेवावं लागेल.

मी विचारलं, गाठ कुठली मारता?
त्या हसल्या.
मी गंमत करत नव्हते.
जाळ्याचा एक आस तुटला
तर दुखणं त्या एका आसाचं नसतं.
भोवतीचा दोर विरलेला असेल
तर तुमची नवी, घट्ट, देखणी गाठ
शेजारच्यालाच फाडते.
हे मला कोणी शिकवलं नाही.
तीन वेळा फाडून कळलं.

आता तुम्ही, डॉक्टर म्हणाल्या.
मी?
तुमचा अंगठा.

तो मनगटावर जाऊन बसला,
रोजच्या जागेवर मांजर बसावं तसा.

त्या लिहीत राहिल्या. मी मोजत राहिले:
जाळं ओढताना दोनदा निखळलेला खांदा,
मुकादम म्हणायचा, बाई, नाटकं नकोत.
रात्री बशी धुताना हातातून सुटलेली बोटं.
बशी नव्हे, बोटं.
आणि उजव्या जांघेतला तो पांढरा वळ.
लहानपणी शेगडीवर पडलीस, आई सांगायची.
शेगडीचा चटका इतका सरळ कसा,
हे विचारायला आता आई नाही.

ऑपरेशन एक तास दहा मिनिटं चाललं.
जागी होताच अल्दाराने पहिल्यांदा
पांघरुणातून हात काढला
आणि अंगठा टेकवून पाहिला.
आहे अजून, ती म्हणाली, आणि पुन्हा झोपली.

दोसिंदाने पेसेते परत घेतले नाहीत.
राहू देत, म्हणाली, तुला लागतील.
मी विचारलं, मला कशाला?
तिने सुईत दोर भरला, मान वर केली नाही.

डॉक्टरांनी खेळ बंद करायला सांगितलेत.
म्हणून हल्ली मीच चॉकलेट देते,
दिवसभर काहीही न वाकवण्याचं एक.
ती म्हणते दोन.
आम्ही दीडावर आलोय.

काल ती झोपल्यावर
न्हाणीघराची कडी लावली,
स्कर्ट वर धरला, आरशासमोर उभी राहिले
आणि खोकले.