डावा कोपरा

एप्रिल. अंगणातला चिखल वरून विरघळलेला, आतून दगड.
तेओफान ट्रॅक्टर घेऊन दारात आला,
लोडरचे हात अर्धे वर,
खरचटलेलं कोपर दाखवायला आलेल्या पोरासारखे.
इंजिन बंद करण्याआधीच म्हणाला,
"या नव्याचं काम, एद्मे. दगड उपटायला गेला."

नवा गाडीपाशी उभा. विल्मर, ग्वाटेमालाचा,
येऊन तीन आठवडे झालेले,
फ्रेंच अजून फक्त "हो" आणि "थंडी".

मी चष्मा शोधला, पण
बकेट आधी हातानं बघायची असते.
डावा कोपरा चार बोटं खाली वळलेला.
उजवा जसाच्या तसा.
मागच्या पत्र्यात केसाएवढी चीर,
आणि पिनेच्या कानाशी रंगाला फुगा.

बटाट्याच्या या पट्ट्यात
हिवाळा दरवर्षी खालून दगड वर ढकलतो,
आणि बकेटी माझ्याकडे येतात.
चालवणारा कोण, ते मी त्यांच्यावरून सांगते.
ओनेझिमची मधोमध हसते:
ओठावर काटे चिमटून त्यानं ओंडके उचलले.
रोझालीनच्या धारेचा कागद झालाय,
बर्फ ओढताना ती फ्लोटवर टाकत नाही,
ट्रॅक्टरचं निम्मं वजन धारेवर घेऊन फरफटते.
सांगून झालंय. मान डोलावते, शिरा वाढते.

"बॅटरीची तार काढ," मी तेओफानला म्हटलं.
अर्थचा चिमटा जोडाच्या शेजारीच लावला,
नाहीतर करंट पिनांमधून वाट शोधत फिरतो
आणि पुढच्या महिन्यात वेगळंच काहीतरी रडायला लागतं.
साखळी, जॅक, गॅसची निळी जीभ.
लोखंडाला घाई चालत नाही.
लाल होऊ द्यायचं, पिकल्या चेरीइतकं, त्याहून पुढे नाही,
मग जॅकचा एक दांडा, थांबायचं, अर्धा दांडा.
विल्मर न सांगता जॅकशी बसला.
माझ्या हाताकडे बघत होता, ज्योतीकडे नाही.

रंग जळून गेला
आणि खालून टाका निघाला.

माशाच्या खवल्यांसारखा, बारीक, एकसारखा.
माझा.
अकरा वर्षांपूर्वीचा, याच कोपऱ्यावरचा.
त्याच्याही खाली एक जाड, ओबडधोबड,
वडिलांचा; त्यांचा हात तेव्हा थरथरायला लागला होता.

अकरा वर्षांपूर्वी विल्मर
कुठल्यातरी डोंगरावर शाळेत जात असेल. किंवा नसेल.

मी टोप खाली ओढला.
काचेतून माणसाचं तोंड दिसत नाही,
ते बरं असतं कधीकधी.
चीर शेवटापर्यंत खरवडली, टोकाला भोक पाडलं
तिनं पुढे पळू नये म्हणून,
आणि भरली, एकेक थर, मळी झाडत.
आतून कोपऱ्याला तिकोनी पट्टी दिली,
नवी धार दोन्ही अंगांना सारखी बसवली.
टोप वर केला तेव्हा तेओफान
त्या जुन्या टाक्याकडेच बघत होता,
हात खिशात.
"तुझे वडील," एवढंच म्हणाला.
"हो," मी म्हटलं. "तेव्हाही तू दगडच उपटत होतास."

विल्मरनं दोन्ही तळवे समोर धरले, सपाट,
मग डावा खाली झुकवला, मान हलवली: असं नाही?
परत सपाट केले: असं?
"असं," मी म्हटलं. "अख्ख्या ओठानं. सावकाश.
आणि मोठा असेल तर आधी भोवतीची माती काढायची."
किती पोचलं, देव जाणे.
तळवे मात्र बराच वेळ सपाटच राहिले.

बिलावर लिहिलं: डावा कोपरा. तिसऱ्यांदा.
तेओफाननं वाचलं, घडी केली,
पैसे मोजले, घासाघीस न करता.
असं तो कधी करत नाही.
"आज रात्रभर याला दगड दाखवू नकोस," मी ओरडले.

गेटापाशी उरलासुरला बर्फाचा ढीग होता,
मार्चपासून काळा पडलेला.
ट्रॅक्टर सवयीनं डावीकडून वळला.
थांबला.
इंजिन नुसतंच चालू, बराच वेळ.
मग मागे आला, सरळ झाला,
आणि विल्मर मागून चालत होता
एक हात बकेटीच्या उंचीला धरून.