तिम्माला पाणी लागलं

मंडळात आम्ही सहा जण. त्यातला एक फक्त चहाला येतो.
निवृत्त तलाठी, हळदीचे दोन दलाल, शाळेच्या बाई,
आणि चिटणीस मी, कारण अक्षर बरं.

हरिपुरात पहिलं पेव कुणाचं,
त्याचा दगड उभा करायचं ठरलं
संगमाकडं उतरणाऱ्या वाटेवर, जिथं पेवांच्या तोंडांवर
आता बाभळी आल्यात
आणि चेंडू आत गेला की पोरं नाद सोडतात.

पाथरवट अक्षरामागं अठरा रुपये मागत होता.
काना-मात्रा धरून?
म्हणाला, अनुस्वार फुकट.

बाळाप्पाशेटचं नाव वर, ठसठशीत.
जागा त्यांची, हळद त्यांची,
वर्गणीतला मोठा आकडा त्यांच्या पणतवाचा.
मग साल. सालावर दोन बैठका गेल्या.
मग पेव म्हणजे काय ते: खोली, उसाचा पाला,
वर्षानुवर्षं कीड नाही.

रंगूबाई आली तेव्हा मजकूर घडायला गेला होता.
म्हणाली, खणलं आमच्या तिम्मानं.
पेव उघडलं की आधी कंदील सोडतात आत,
विझला तर दुपारपर्यंत थांबतात.
पहिल्या वर्षी हे कुणाला ठाऊक नव्हतं.
पहिल्या वर्षी तिम्मा उतरला.

पुरावा? तलाठी म्हणाले, सवयीनं.
वर आला नाही की तो.

अशी नावं घालत बसलो तर दगडांचं पेव फुटेल,
एक दलाल पुटपुटला.
तळाला चार बोटं जागा उरली होती.
मी चिठ्ठीवर लिहून दिलं: खणणारा तिम्मा.
पाथरवटानं पैसे लावले नाहीत,
अनुस्वारात धरतो म्हणाला.

ती ओळ वाचायला वाकावं लागतं.
अनावरणाला कुणी वाकलं नाही.

त्याच श्रावणात कृष्णा चढली, वारणाही.
रात्री दीडला कडी वाजली.
शेजारचा पोरगा, कमरेपर्यंत ओला, हातात बॅटरी:
काका, म्हशी सोडा, तिम्माला पाणी लागलं.

तेव्हापासून हेच माप.
कोयनेतून किती सोडलं, आयर्विनला किती फूट,
ते बातम्यांत.
इथं विचारतात, तिम्मा दिसतोय का?
दिसतोय म्हटलं की झोपतात.
शेट अजून कोरडे आहेत.

पाणी ओसरलं की मी खराटा घेऊन जातो.
गाळ त्या जोडाक्षरात घट्ट बसतो,
खिळ्यानं कोरून काढावा लागतो.
रंगूबाई मोबाईलचा उजेड धरते.
विझला तर सांग, म्हणालो मी एकदा.
ती हसली नाही.