उतरवायचा दोर

सोहारच्या बंदराकडे विसनजीभाईंचं दुकान.
बाहेर नांगर, साखळ्या, उन्हात फिकटलेले बोये.
आत, एसीखाली, रिळांवर दोर.

"कसला पायजे?" भाईंची मराठी मशीद बंदरची.
"बांधायचा, का ओढायचा?"
उतरवायचा, मी म्हणतो.
ते चष्मा वर करतात.
त्यांची गिऱ्हाइकं समुद्रातून वर घेतात:
जाळं, नांगर, बुडालेलं इंजिन.
खाली सोडायला कुणी एवढा दोर निवडत बसत नाही.

कडुनिंब आहे, भाई. इथले शरेश म्हणतात त्याला.
वादळात मधोमध तडकलाय.
खाली एका म्हातारीचं अंगण, पाण्याची टाकी,
बकऱ्यांचं पत्र्याचं छप्पर.
तोडायला काय, करवत तोडते.
तोडलेलं जमिनीवर आणायचे पैसे मिळतात आम्हाला.

"मग नायलॉन घे. स्वस्त."
नायलॉन ताणतं.
होडीला ते बरं, लाटेसरशी थोडं देतं, थोडं घेतं.
इथं दोनशे किलोची फांदी
हात-दीड हात जास्त आली
की टाकी गेली.

हा निळा बघू. पॉलिएस्टर, सोळा मिली,
दोराच्या आत दोर विणलेला.
टोक उलगडतो, नखाने दाबतो,
मग डोळे मिटून हातभर अंगठ्याखालून सरकवतो.
बाबा असाच तपासायचे काथ्याचा दोर, जयगडच्या खाडीवर,
वर वासही घ्यायचे.
सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही, म्हणायचे,
दोराबद्दल कधीच नाही,
माझ्याबद्दल.

ह्या दोराला पीळच नाही, नुसती वीण.
आणि जळतो:
नळीवरून भरधाव सुटला की वरची साल वितळते,
काचेसारखी चकाकते.
चकाकला तिथे कापायचा.

लेबलावर लिहिलंय, सहा टनांना तुटेल.
त्याला दहाने भाग, सुमनपाल मिस्त्री सांगतो,
आणि उरलं त्यावरही फार विसंबू नकोस.
फांदीचं वजन काट्यावर कळतं,
फांदी पडतानाचं कुठल्या काट्यावर?

"पंधरा मीटर पुरे की," नजीब मधेच.
नजीब सोलकर, गुहागरचा, येऊन तीन महिने.
झाड बारा मीटर म्हणून दोर पंधरा.
अरे, वर जायचं, कप्पीतून वळायचं,
पुन्हा खाली यायचं, नळीला वेढे घ्यायचे,
आणि एवढं झाल्यावरही
हातात काहीतरी उरायला हवं.
चाळीस द्या, भाई.

दारातल्या रिळावर तोच निळा, निम्म्या भावात.
वाकवला तर करकरला,
विणीतून वाळू सांडली काउंटरवर.
दोन उन्हाळे खाल्लेत त्याने.
भाई वाळू फुंकतात, काही बोलत नाहीत.

कंपनीने दिले त्यावर साडेतीन रियाल माझे.
नव्या दोराच्या शेवटाला काळी पट्टी मारली.
माझ्या कमरेचा दोर लाल. त्याची पिशवी वेगळी.
माणूस धरतो त्या दोराने ओझं धरायचं नाही,
एकदाही नाही, घाईतसुद्धा.

सकाळी पहिली फांदी.
मी वर, नजीब खाली, नळीला तीन वेढे,
नवे हातमोजे.
करवत थांबली आणि त्याने दोर आवळला,
नवा माणूस आवळतोच.
सोड! मी ओरडलो. धरून ठेवू नको, जाऊ दे, जाऊ दे,
आता हळू.

झाड एकदा हललं, माझ्यासकट.
मग फांदी हवेत गिरकी घेत राहिली,
सगळा पाला अंगावर,
टाकीपासून वीतभर,
छपराच्या कडेने,
अंगणात.

म्हातारी दारातून काहीतरी बोलली,
मला वरून ऐकू आलं नाही.
नजीबने गाठ सोडायच्या आधीच
बकऱ्यांनी पाल्यात तोंडं घातली होती.