तीन पुस्तकं, पाऊण दिनार

फहाहीलचा कॅम्प, खोली नंबर सोळा.
मनगट मोडलं म्हणून सहा आठवडे सुट्टी, अर्ध्या पगाराची.
शुक्रवारच्या बाजारात जुन्या गालिच्यांमागे
तीन पुस्तकं मिळाली, पाऊण दिनारला तिन्ही.
कॉलेजात नव्याने शिकणाऱ्यांसाठी. अमूर्त बीजगणित.
सफूरा म्हाप्रळहून महाडला जाते, तिला हाच विषय.
म्हटलं, फोनवर बोलायला काहीतरी होईल,
जेवलात का, जेवलीस का, याच्यापुढे.

पहिलं जाड. प्रस्तावनेत सांगतं,
वाचकाला आधीचं काही यायला हवं असं नाही,
आणि चौथ्या ओळीपासून धरून चालतं की सगळं येतं.
दुसरं सारखं म्हणतं, हे उघडच आहे.
मी तासतासभर त्या उघड्याच्या बाहेर उभा,
कडी कुठे ते सापडेना.
तिसरं बारीक, शिवण सुटलेलं.
ते पुठ्ठ्याचा चौकोन कापायला सांगतं.
कापला, डाव्या हाताने, चहाच्या खोक्यातून.
एक बाजू तिरकी गेली.

ते म्हणतं: फिरव. पुन्हा फिरव. उलटा कर.
आणि काहीच करू नकोस,
तेही मोज.

इथे मी थांबलो.
एकोणीस वर्षं परांच्या बांधतोय या किनाऱ्यावर.
ओव्हरटाइम मोजला गेला, गैरहजेरी मोजली गेली,
काही न करणं कुणी कामात धरलं नव्हतं.
पुस्तक म्हणतं, त्याच्याशिवाय गट होतच नाही.

खोलीत खाटा चार, माणसं चार:
मी, बालन, मुत्तलिब, नंदसिरी.
अदलाबदल चोवीस प्रकारे होते, सगळ्या लिहून काढल्या.
पण नंदसिरी खिडकीची खाट सोडत नाही
म्हणून खऱ्या सहाच.
त्या सहांचाही आपला एक गट, मोठ्याच्या पोटातला.
मी त्याला म्हटलं, तुझ्या हट्टाला पुस्तकात नाव आहे.
तो म्हणाला, खिडकी मिळणार नाही.

मागे फिरायचं तर शेवटचं आधी सोडवायचं,
हे मला नवं नव्हतं.
आधी कव्हरऑल, मग पट्टा; उतरल्यावर आधी पट्टा.
आधी कर्ज, मग व्हिसा.
म्हणजे सुटताना आधी व्हिसा सोडा, मग कर्ज फेडा.
हे फक्त पुस्तकातच जमतं.

हमीदा बचत गटाची हिशेबनीस. तिला सांगितलं.
"आमच्या गटात भांडणं फार. तुमच्यात?"
"भांडणं नाहीत. पण क्रम बदलला की उत्तर बदलतं."
"मग आमच्यासारखाच."

पाचव्या शुक्रवारी सफूराला विचारलं,
उपगटापर्यंत आलात का तुम्ही?
ती गप्प. मग म्हणाली,
"अब्बा, ते मी रमजानच्या आधीच सोडलं. झूलॉजी घेतलं.
सांगणार होते. पण तुम्ही इतके खुशीत होता."
"बरं," मी म्हटलं. "बेडूक कापता का अजून?"
"नाही. आता नाही कापत."
मग जेवण झालं का, ते झालं.

प्लास्टर निघालं.
दवाखान्यातली मिसरी बाई त्याला जबीरा म्हणते.
काखेतल्या पुस्तकाचं नाव वाचून हसली,
हेही तेच, मोडलेलं बसवायचं.
मग हात फिरवायला लावला.
एका अंगाला पुरता वळतो,
दुसऱ्या अंगाला अडतो.

बारीक पुस्तक आधी कुणाचं तरी होतं.
समासात पेन्सिल, अरबी आकडे,
उजवीकडून डावीकडे जाणारे बाण,
एका ठिकाणी मिश्यांसकट मांजर.
त्रेचाळीसाव्या पानावर
उलट्या तोंडाचं एक प्रश्नचिन्ह
आणि पुढे पानं कोरी.

उद्या ड्युटी, पहाटे चारची बस.
बालन झोपलाय, मुत्तलिब नाइटला.
मोबाइलच्या उजेडात चव्वेचाळीसावं पान.
पेन्सिल नंदसिरीच्या उशीखाली असते,
तो शब्दकोडी सोडवतो.
हळूच काढतो. मनगट दुखतं.