मूग गिळून

कोइम्ब्रात, नदीपासून खूप पायऱ्या चढून वर,
रात्रीचे अकरा वाजलेत आणि फेलिज्मिना
छत्तीस चिमुकल्या वाट्यांमध्ये
साल्मोनेला सोडते आहे.
वाटीत आतडं आहे. म्हणजे आतड्याच्या अस्तराची
एक पेशी जाड साय,
जिच्या खाली पोट नाही, वर जेवण नाही,
तरी जिवाणू टेकताच जी दचकते.

तिला ते दचकणं मोजायचंय.
नेमकं सांगायचं तर
दचकण्याआधीची चुप्पी.

बावीस अक्षरांचा आरएनए, नाव लेट-सेव्हन
(उशिराशी त्याचा काही संबंध नाही).
त्याच्यापासून काहीच बनत नाही, ना स्नायू ना पाचकरस.
तो नुसता हिंडतो, आणि एखाद्या निरोपाच्या शेपटीला
सातेक अक्षरांनी चिकटून बसतो.
निरोप वाचलाच जात नाही.
पेशी मूग गिळून गप्प.

मूग तिच्या गावात पिकत नाहीत.
पण गिळणं तिला माहीत आहे.

अबीलियो, तिचा बाप, अठ्ठ्याऐंशीचा,
पुतणीच्या नातवाच्या बारशात
उन्हात राहिलेलं अंड्याचं मेयोनेज खाऊन
सहा दिवस खालच्या रुग्णालयात पडून आहे.
तपासणीचा फोन तिलाच आला.
तोच जिवाणू. हातात पिपेट होती,
ती तिने आधी खाली ठेवली.

चौऱ्याहत्तरच्या आधी तो छापखान्यात
शिशाचे खिळे जुळवायचा.
संध्याकाळी कच्ची पानं वरच्या कचेरीत जात,
निळ्या पेन्सिलीने कापून परत येत.
अंगोलाहून आलेली शवपेटी कापलेली.
पावाचा भाव कापलेला.
एका गावात विहिरीच्या पाण्याने ताप आला,
सत्तावीस पोरं अंथरुणाला, तो मजकूर अख्खा निळा.
‘त्या जागी मी साबणाची जाहिरात बसवली,’
बाप सांगतो. गावाचं नाव सांगत नाही.

परवा तेल्मोने, नवा आहे, हुशार आहे,
आपल्या सादरीकरणात लिहिलं:
मायक्रोआरएनए म्हणजे पेशीतला सेन्सॉर.
तिने ती ओळ खोडली.
खोडल्यावर आधी पेन्सिलीचा रंग पाहिला.
काळा होता.

कारण तसं नसतं, तेल्मो.
कचेरीतला माणूस संकट आलं की जास्त कापतो.
हा मात्र जिवाणूची चाहूल लागली की
स्वतःच विरळ होत जातो,
आणि दाबलेले दोन निरोप सुटतात एकदम:
एक म्हणतो पेटव,
दुसरा म्हणतो पुरे.
आग आणि पाणी एकाच कुलपात होती.
किल्ली थोडी जास्त फिरली
तर अस्तर स्वतःलाच जाळत सुटतं,
फिरलीच नाही तर
पाहुणा थेट माजघरात.

किती फिरवायची, हे कुणी ठरवत नाही.
तिच्याकडे या प्रश्नाला फक्त आकडे आहेत
आणि आकड्यांनाही मधूनमधून ताप येतो:
एकोणिसावी वाटी कधीच ऐकत नाही.

पहाटे ती पायऱ्या उतरून गेली.
ताप उतरला होता. बाप उशीला टेकून
कालच्या वर्तमानपत्रातल्या चुका शोधत होता,
दोन सापडल्या म्हणाला, खूश होऊन.
तिने त्याला सांगितलं नाही
की ज्या पेशींनी हे सगळं झेललं
त्या गळूनही गेल्या असतील एव्हाना,
चार-पाच दिवसांत अस्तर नवं होतं,
आतड्याला स्मारकं बांधायची सवय नाही.

तो म्हणाला, ‘फोंते सेका.’
‘काय?’
‘त्या गावाचं नाव.’
आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

वहीत त्या दिवसाची नोंद आहे:
सहावा तास, लेट-सेव्हन निम्म्यावर.
वाटी एकोणीस बाद.
समासात, निळ्या शाईत, कारण दुसरं पेन नव्हतं:
फोंते सेका, सत्तावीस.
तेल्मोने विचारलं, हा कुठला नमुना?
जुना, ती म्हणाली. नोंदवायचा राहिला होता.