दोन बोटं माया

दिवसभर मी वजनंच करते.
अक्कलकोट रोडला, टॉवेलच्या कारखान्यात,
डझनाचा गठ्ठा काट्यावर, आकडा वहीत.
कमी भरला की गिऱ्हाईक ओरडतं,
जास्त भरला की मालक.
सूत फुकट जातं म्हणे.

सहा वर्षांपूर्वी मलाही असंच मापात आणलं.
एकशे अठरा होते.
आईच्या पाटल्या मोडल्या.
डॉक्टर होनमुर्गे म्हणाले,
पोट आता केळ्याएवढं राहील.
दीड वर्षात एकाहत्तर.
दत्तनगरात बायका थांबवून विचारायच्या,
येमूलांची थोरली ना तू? का धाकटी?
एकदा मी धाकटी म्हणून सांगितलं.

मग कुठे बिनसलं,
असं एका जागी बोट नाही ठेवता येत.
जेवताना कधी जास्त खाल्लं नाही, शपथ.
दोन जेवणांच्या मधे खाल्लं.
चहात बुडवलेलं बिस्कीट अडत नाही, सरकतं.
शेंगाचटणीची चिमूट, मग तिच्या सोबतीला चिमूट.
वहीखाली फरसाणाची पुडी.
आमच्याकडे पाणी येतं चार-पाच दिवसांनी, रात्री कधीतरी,
तसं वजन आलं,
आवाज ऐकूनही
मी नळ बंद करायला उठले नाही.

चौऱ्याण्णव.
कारखान्याच्याच काट्यावर पाहिले,
सगळे गेल्यावर, चपला काढून, दिवा न लावता.
लाल आकडे अंधारात जळत राहिले.
वहीत लिहिले नाहीत.

सात रस्त्यांतले सहाच माझे होते दोन वर्षं.
सातव्यावर दवाखाना.

चुलतबहिणीचं लग्न निघालं म्हणून
ब्लाऊज घेऊन सिद्रामप्पांकडे गेले.
हेच ब्लाऊज त्यांनी आत घेतले होते तेव्हा
मी ऐटीत म्हटलं होतं,
जास्तीचं कापून टाका, आता लागायचं नाही.
ते हो म्हणाले होते.
आता त्यांनी ब्लाऊज उलटा केला,
शिवणीत अंगठा घातला.
"दोन बोटं माया आहे."
कापलंच नव्हतं.
"माया ठेवावी लागते, ताई. अंग आहे ते."
ब्लेडने टाके उसवले. जुन्या सुईची भोकं
ओळीनं दिसत राहिली.
धुतल्यावर बुजतील, म्हणाले.
सगळी नाही बुजली.

सातव्या रस्त्यानं गेले तो मंगळवार होता.
सोमवारपासून, सोमवारपासून
म्हणायची खोड मोडावी म्हणून.
आहाराच्या बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं,
मी तयारी करून गेले होते.
त्यांनी नुसतं विचारलं, दुपारी चारला काय करता?
कुणी विचारलंच नव्हतं मला
दुपारी चारला मी काय करते.

आता आधी अंडी, नाहीतर मटकीची उसळ.
मग पाव कडक भाकरी, ती चावायला वेळ लागतो
म्हणून आवडायला लागलीय.
पाणी जेवणानंतर अर्ध्या तासानं.
चार वाजता मी गेटपर्यंत जाऊन येते,
वॉचमनला वाटतं कुणाची तरी वाट बघते.
दर महिन्याला सुई.

आई दारातच विचारते, तिन्नावा?
आमच्या घरात मायेला तेवढाच एक शब्द,
जेवलीस का.
आधी मी चिडायचे. परवा ती
नातवाची चांदीची वाटी घासून घेऊन आली,
त्याची उष्टावणाची, बोटभर खोल,
माझ्यापुढे ठेवली आणि भात न वाढता
तिथेच बसून राहिली.
तिन्नानु, मी म्हटलं. जेवले.

चौथ्या आठवड्यात ब्याण्णव पूर्णांक सहा.
वहीच्या मागच्या पानावर लिहिलं.
पाचव्यात त्र्याण्णव.
पेन थोडा वेळ हातातच राहिला.
मग तेही लिहिलं.